डॅशबोर्डवरचा देव

बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. म्हणजे अण्णांनी माझं ऐकलं होतं. जुनी गाडी बघायला जाण्याआधी मी समोरच्याला फोनवर एकच सांगतो, मी येईपर्यंत चावी लावू नका. इंजिन एकदा गरम झालं की त्याची दुखणी लपतात. खरं काय ते गार असताना, पहिल्या स्टार्टला कळतं.

"गार हाय का?" अण्णांनी खुर्चीतूनच विचारलं.

"गार आहे, अण्णा."

"मंग? तुला वाटलं, तुझ्या मास्तरलाच फसवायची बुद्धी झाली?"

मी हसलो. माझा मित्र सुधाकर आणि त्याची बायको वासंती वहिनी, दोघंही हसले.

शिवलिंग अण्णा तोडकरी खरोखरच माझे मास्तर. बार्शीत कुर्डुवाडी रस्त्याला त्यांचं जुन्या गाड्यांचं आवार होतं, आणि त्याआधी गॅरेज. अठराव्या वर्षी मी त्या गॅरेजात शिरलो तो नऊ वर्षांनी बाहेर पडलो. दुपारचं जेवण त्यांच्या घरी, वर्षाचे दोन जोड कपडे त्यांचे, आणि माझ्या लग्नात बापाच्या जागी अण्णाच उभे राहिले होते. पुढे मी माझा वेगळा धंदा काढला. लोकांबरोबर जायचं, ते घेणार ती जुनी गाडी तपासायची आणि घ्यावी की नाही ते सांगायचं. मी गाडी विकत नाही, विकून देत नाही. फक्त बघतो. हळूहळू नाव झालं. 'मुकुंद बारबोलेनं बघितलीय' म्हटलं की लोक पुढचं विचारायचे नाहीत. हे ऐकलं की माझी छाती फुगायची, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी मी सुधाकरसाठी गाडी बघत होतो. सुधाकर क्षीरसागर माझ्या शाळेतल्या बाकावरचा. वर्षभरापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही सोलापूरला. वैरागहून पंचेचाळीस-सत्तेचाळीस किलोमीटर. वहिनी वैरागच्या शाळेत शिक्षिका. त्या नवऱ्याला भाड्याच्या जीपनं घेऊन जायच्या. आदल्या महिन्यात ती जीप वडाळ्याच्या पुढे बंद पडली. तीन तास दोघं रस्त्याच्या कडेला. मशीनची पाळी हुकली, आणि दुसऱ्या दिवशी सुधाकरच्या छातीत पाणी भरलं. त्याला आडवं होता येईना, की बसता येईना. कसाबसा वाचला. तो घरी आला त्याच आठवड्यात वहिनींनी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. वय चव्वेचाळीस.

मला त्या म्हणाल्या होत्या, "भावजी, रंग कसलाही असू दे, पोचे असू देत. फक्त रस्त्यात थांबणारी गाडी नको. एवढं एकच बघा. बाकी मला काही कळत नाही, तुम्ही म्हणाल ती घेते."

तुम्ही म्हणाल ती. हे शब्द माझ्या चांगले लक्षात आहेत.

गाडी पांढरी, सात वर्षांची, पुण्याच्या पासिंगची. "डॉक्टरची हाय," अण्णा म्हणाले. "घर ते दवाखाना. दुसरं काम न्हाई तिला."

चावी लावली. एका झटक्यात सुरू झाली. आवाज साफ. सायलेन्सरला रुमाल धरला, काळा डाग नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल नवंकोरं. दारांचे रबर ओढून आतली जोडाई पाहिली. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या पत्र्यावरून फिरवलं. जिथं पुट्टी भरलेली असते तिथं ते धरत नाही. इथं सगळीकडे धरलं. अपघात नव्हता.

"काय म्हणतीया पोरगी?" अण्णांनी गाडीकडे मान हलवत विचारलं.

"अजून बोलतीय," मी म्हटलं.

मग मी आत बसलो. गाडीत मोगऱ्याच्या अत्तराचा वास होता. सीटची कव्हरं नवी. पायाखालचं कार्पेट नवं. डॅशबोर्डवर पितळी गणपती, वीतभरापेक्षा थोडा लहान, घासून चकचकीत केलेला, पुढं जास्वंदीचं ताजं फूल. अण्णा रोज सकाळी आवारातल्या प्रत्येक गाडीतल्या देवाला फूल ठेवायचे. कुणाची देवी, कुणाचा मारुती, कुणाचे स्वामी. माझ्या वेळेपासूनची सवय.

सवयीनंच मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. पट्टा कोरा होता. शेजारचा ओढला, तोही कोरा. मागचे तिन्ही कोरे. सात वर्षांच्या गाडीचे पाचही पट्टे नवे कशाला लागतात? मी वाकलो आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. तिथं सीट सरकायची पट्टी असते, आणि तिचे बोल्ट. तिथं कुणी पुसायला जात नाही, कारण तिथं कुणी बघायलाही जात नाही. ही जागा मला अण्णांनीच दाखवली होती.

हात बाहेर काढला. बोटांना लाल भुगा लागला होता.

पाऊस खिडकीतून आला तर सीटवर येतो. त्या बोल्टापर्यंत पाणी यायचं, तर गाडी पाण्यात उभी असावी लागते. नुसती उभी नाही, दिवसचे दिवस. एकोणीस सालचा पूर होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. सांगली-कोल्हापुराकडच्या बुडालेल्या गाड्या कवडीमोलानं निघाल्यात आणि धुऊनपुसून लांबच्या गावांत विकल्या जातायत, हे आमच्या धंद्यात सगळ्यांच्या कानावर होतं. अशी गाडी महिनाभर, कधी दोन-चार महिने झकास चालते. आतून वायरी कुजत असतात. मग एक दिवस चालता चालता सगळं एकदम बंद. आवाज नाही, दिवा नाही.

मी मान वर केली. अण्णा खुर्चीतून उठून गाडीच्या दारापर्यंत आले होते. ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"चहा सांगू का, मुकुंदा?" ते म्हणाले. आवाज नेहमीचा होता, पण नजर माझ्या बोटांवरून हलली नाही.

मी बोटं पँटला पुसली. राखाडी पँट होती, मांडीवर तांबडा पट्टा उमटला.

"सांगा," मी म्हटलं.

बस, तेवढंच. तेवढ्यात सगळं झालं. नंतर कितीदा तरी मी तो क्षण आठवून पाहिलाय, पण त्यात मी विचार केल्याचं मला आठवत नाही. अण्णांच्या घरातलं पितळी ताट डोळ्यांपुढं आलं, ज्यात मी नऊ वर्षं जेवलो. आणि मी मनाला समजावलं, की आत्ता चारचौघांत नको, घरी जाताना वहिनींना बाजूला घेऊन सांगू, दुसरी बघू म्हणू.

"मी चालवून बघू का?" वहिनींनी विचारलं.

"बघा की बाई," अण्णा म्हणाले. "तुमचीच हाय समजा."

वहिनी चालवायला बसल्या, मी शेजारी, सुधाकर मागे. कुर्डुवाडी रस्त्याला पाच-सहा किलोमीटर गेलो. वहिनींनी एकदा गाडी बंद पाडली, पण ती त्यांच्या क्लचमुळे. गाडी एखाद्या शहाण्या बाळासारखी चालत होती. मी माझ्या बाजूची काच खाली घेतली. बटण दाबल्यावर काच क्षणभर थांबली आणि मग उतरली. मी परत वर घेतली. तशीच थांबली. वहिनींचं लक्ष रस्त्यावर होतं.

मागून सुधाकर म्हणाला, "मुकुंदा, किती महिन्यांनी मी गाडीत डोळे मिटून बसलोय. जीपमध्ये बसलो की सारखं इंजिनाकडं कान असायचे. आता थांबतीय का, मग थांबतीय का."

मी मागे वळून बघितलं नाही.

"भावजी, कशी आहे?" वहिनींनी विचारलं.

रस्त्याला त्या वेळी कुणी नव्हतं. अण्णा नव्हते. सांगायला याच्याइतकी चांगली जागा नव्हती.

"बरी आहे," मी म्हणालो.

"बरी म्हणजे? घ्यायची ना?"

"घ्यायला हरकत नाही."

आवारात परत आलो तेव्हा टेबलावर चहा मांडलेला होता. अण्णांनी मला विचारलं नाही, मी त्यांना सांगितलं नाही. वहिनींनी पर्समधून इसाराचं पाकीट काढलं. ते देण्याआधी त्या थांबल्या.

"अण्णा, एक काम राहिलं," त्या म्हणाल्या. "गाडीतला गणपती मूळ मालकाला परत द्यायचा."

अण्णांच्या हातातली बशी थांबली. "कशाला बाई? देव हाय. गाडीसंगं आलाय. राहू द्या की."

"नको. दुसऱ्याच्या घरचा देव आहे. त्यांनी रोज हात जोडले असतील. असा गाडीबरोबर विकायचा नसतो तो."

"आवारातल्या समद्या गाड्यांत हायती. आजवर कुणी काढला न्हाई. चांगलं नसतंय ते."

"तुम्ही काढू नका. मी काढते. मला दोष लागला तर लागू दे."

सुधाकर हसला. "अण्णा, ती ऐकायची नाही. तिच्या माहेरची गोष्ट आहे ती."

"माझं माहेर भिलवडीचं," वहिनी म्हणाल्या. "कृष्णाकाठचं. गेल्या पुरात आमच्या देव्हाऱ्यातले सगळे देव वाहून गेले. आई पंधरा दिवस जेवली नाही नीट. मग खालच्या गावची एक बाई आली, ना ओळख ना पाळख, पदरात आमचा बाळकृष्ण घेऊन. तिच्या शेताच्या बांधाला सापडला होता. सात-आठ घरं विचारत आली ती. तेव्हापासून मी ठरवलंय, कुणाचा देव आपल्याकडं ठेवायचा नाही."

भिलवडी ऐकलं आणि माझ्या हातातला कप टेबलावर ठेवावा लागला. सुधाकरच्या सासुरवाडीचं गाव मला वीस वर्षं माहीत होतं. त्याच्या लग्नाला मी तिथं जेवलो होतो. पण त्या सकाळी ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

अण्णा उठले. "थांबा, मी काढतो. तुम्ही बसा, मी नीट काढून पाठवून देतो त्यास्नी."

"तुम्ही कशाला, मी आहे ना," म्हणत वहिनी गाडीकडे गेल्यासुद्धा. त्यांनी चपला काढल्या. दार उघडून आत वाकल्या, फूल उचलून बाजूला ठेवलं, गणपतीला हात जोडले, आणि दोन्ही हातांनी त्याला अलगद हलवायला लागल्या. खाली चिकटपट्टी होती. ती हळूहळू सुटत असल्याचा चर्र आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. अण्णा त्यांच्या मागे उभे होते, हात अर्धवट पुढे केलेला. मी जागचा हललो नाही.

मूर्ती सुटली. पितळी मूर्ती आतून पोकळ असते. तिच्या पोटातून एक वाळका थर निसटला, डॅशबोर्डवर पडून फुटला आणि त्याची पूड झाली. बारीक, मऊ, राखाडी-काळी.

सगळी गाडी उघडली होती अण्णांच्या माणसांनी. कार्पेट बदललं, पट्टे बदलले, डॅशबोर्डच्या आतलं सगळं धुऊन वाळवलं. पण देव उपटायचा कुणी? धुणाऱ्यानं त्याच्या कडेकडेनं फडकं मारलं. अण्णांनी वरून चिंच लावून घासला आणि फूल ठेवलं. त्याच्या पोटात काय आहे हे बघायला त्याला हलवावं लागलं असतं, आणि ते त्या आवारात कुणाच्यानं झालं नसतं.

वहिनींनी गणपती सीटवर ठेवला. त्या पुडीतली चिमूटभर घेतली, अंगठ्यानं बोटावर चोळली. मग नाकाला लावली. किती तरी वेळ त्या तशाच वाकून होत्या.

मागे वळल्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"ही पुराची माती आहे," त्या म्हणाल्या. "बारा दिवस घासलीय मी ही. भिंतीवरून, डब्यांतून, फोटोंच्या काचांमागून. झोपेतसुद्धा ओळखेन."

सुधाकर खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होता, त्याला जमत नव्हतं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "भावजी, तुम्हाला दिसलं नाही?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो, मला आजही माहीत नाही. खरं सांगणार होतो असं म्हणायला मला आवडेल.

"त्याला कसं दिसंल?" अण्णा म्हणाले. ते गाडीला टेकले होते, एकदम म्हातारे दिसायला लागले होते. "त्याला दिसू नये म्हणून तर येवढं केलं. माझ्या हाताखाली शिकलेला हाय तो. कुठं बघतो, कुठं हात घालतो, मला ठावं हाय. तिथं तिथं समदं नवं घातलं. त्याचा काय दोष न्हाई, बाई. मी फसवलं त्याला."

हे बोलताना ते माझ्या पँटवरच्या तांबड्या पट्ट्याकडे बघत होते. मग त्यांनी नजर वळवली. मी हात खाली घेतला आणि तो पट्टा झाकला.

"स्वतःच्या शिष्याला?" वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले. "माझ्या नवऱ्याचं सगळं सांगितलं होतं ना तुम्हाला? तो रस्त्यात थांबला तर काय होतं, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं हुतं."

"तरी?"

वहिनींनी पाकीट परत पर्समध्ये टाकलं, चपला घातल्या आणि सुधाकरला धरून उठवलं. निघताना गणपती आपल्या ओढणीत गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा तेवढा त्या डॉक्टरांना पोचता करा. तुमच्याशिवाय आता कुणावर भरवसा ठेवायचा?"

मी घेतला.

दोन आठवड्यांनी मी त्यांना कुर्डुवाडीची एक गाडी बघून दिली. बँकेतून निवृत्त झालेल्या एका क्लार्कची, रंग शेवाळी, मागच्या दाराला पोचा. तिच्या सीटखाली मी तीनदा हात घातला. मार्च लागला आणि सगळं बंद झालं. गॅरेजं बंद, जीप बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वहिनी पोलिसांचा पास काचेला लावून आठवड्यातून तीनदा त्याला सोलापूरला नेत होत्या. ती शेवाळी गाडी एकदाही थांबली नाही. दर फेरीनंतर त्या मला फोन करायच्या, "पोचलो, भावजी." मी फोन ठेवायचो आणि माझ्या डोळ्यांपुढं पांढरी गाडी यायची, वडाळ्याच्या पुढे, मोकळ्या रस्त्यावर बंद पडलेली, आणि आत सुधाकर. दर आठवड्याला तीनदा.

वहिनींनी बार्शी-वैरागात सगळ्यांना सांगितलं. त्यांचं काय चुकलं? तोडकरीनं भावजींनाही फसवलं, असं सांगितलं. लोक अण्णांकडे जायचे थांबले. टाळेबंदी उठल्यावर आवार उघडलंच नाही. माझं काम मात्र वाढलं. ज्याला त्याचा गुरूसुद्धा फसवायला बघतो तो केवढा तपासणारा असेल, असं लोकांना वाटलं असावं.

एकदाच मी अण्णांच्या घरी गेलो. ते ओसरीत बसले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं. शेवटी मी विचारलं, "अण्णा, तुम्ही तसं का सांगितलंत?"

"मंग काय करायचं हुतं? दोघांनी बुडायचं?"

मला वाटलं, संपलं. उठायला लागलो तर ते म्हणाले, "ती गाडी माझ्या गळ्यात पडली हुती, मुकुंदा. घेताना मलाबी कुणी सांगितलं न्हाई. आत उघडल्यावर कळलं. तवा मनात पाप आलं. तू सीटखाली हात घातलास, आणि मला वाटलं, सुटलो. आता हा बोलंल. शिव्या घालंल. मी म्हणंन, बरं बाबा, ऱ्हायलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू चहा सांगा म्हणालास."

अण्णा मागच्या वर्षी गेले. तिरडीला खांदा द्यायला मी पुढे होतो. लोक म्हणाले, बघा, ज्यानं फसवलं त्यालाच खांदा देतोय. मोठ्या मनाचा माणूस.

गणपतीचं सांगायचं राहिलं. गाडीच्या कागदांवरून नंबर काढून डॉक्टरांना मी फोन केला होता; पासिंग पुण्याचं असलं तरी ते राहायला सांगलीला. ते म्हणाले, "अहो, ठेवा तुमच्याकडेच. नव्या गाडीत आम्ही नवा बसवलाय." तेव्हापासून तो माझ्या गाडीत आहे. आता कुणाचीही जुनी गाडी बघायला गेलो की मी आधी बॉनेटला हात लावत नाही. चपला काढतो, आत बसतो, डॅशबोर्डवर जो कुणी देव असेल त्याला हात जोडतो, आणि मालकाला विचारून त्याला उचलून बघतो. गिऱ्हाइकांना वाटतं, भाविक आहे.

गेल्या महिन्यात सुधाकरला तपासणीला न्यायचं होतं आणि वहिनींची गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून मी गेलो. वहिनी पुढे बसल्या. गणपती दिसताच त्यांनी ओळखला. पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला.

"यानंच वाचवलं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाचवलं, आणि तुमचं नावही वाचवलं. नाही का, भावजी?"

मागून सुधाकर म्हणाला, "खरंय."

मी गाडी सुरू केली.

"हो, वहिनी," मी म्हणालो.